उभे राहण्याची विद्या

आम्हा सोलापूरकरांना विमान ही वस्तू परवापरवापर्यंत मान वर करून पाहावयाची होती. समोर जमिनीवर उभे असलेले विमान पाहण्याचा योग क्वचितच येई. होटगी रस्त्यावर विमानतळ होता. परंतु विमानांच्या वाटेत साखर कारखान्याची उंच चिमणी येते म्हणून वर्षानुवर्षे वाद चालला. २०२३च्या जूनमध्ये ती चिमणी पाडली गेली, २०२४च्या सप्टेंबरात नव्या रूपातील विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि ९ जून २०२५ रोजी गोव्याला जाणारे विमान सुरू झाले. ह्या सेवेचा लाभ घेण्याची संधी मला एका व्याख्यानाच्या निमित्ताने मिळाली, आणि वेळेच्या बऱ्याच आधी मी प्रतीक्षालयाच्या काचेपाशी जाऊन बसलो.

विमान उतरले, वळसा घेऊन आमच्या समोर आले. आजूबाजूची मंडळी त्याचे पंख, त्याचे रंग, त्याचे फिरते पंखे न्याहाळीत होती. माझी दृष्टी मात्र त्याच्या चाकांकडे गेली. खाली उभ्या असलेल्या माणसाने दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांची फुली केली, विमान थांबले. वर काचेमागे वैमानिकाने हात चेहऱ्यासमोर आडवा धरला आणि मूठ आवळली. लगेच दुसरा एक तरुण वाकून पुढे झाला व त्याने चाकांच्या पुढे-मागे पाचरीसारखे ठोकळे सरकवले. त्याने खूण केली. तेव्हा वैमानिकाने ती आवळलेली मूठ हळूच उघडली.

मूठ आवळणे म्हणजे ब्रेक लावला आणि मूठ उघडणे म्हणजे ब्रेक सोडला, एवढा अर्थ मला कळला. परंतु मी अस्वस्थ झालो. उतारू अद्याप आत आहेत, शिडी लागावयाची आहे, आणि अशा वेळी हा गृहस्थ ब्रेक सोडतो! वीस-बावीस टनांचे ते धूड केवळ त्या दोन-चार ठोकळ्यांच्या भरवशावर उभे होते.

माझ्या ह्या अस्वस्थतेला एक जुने कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी वडिलांना घेऊन तुळजापुराहून परत येत होतो. गाडी जुनी होती आणि घाटात इंजिन तापले, म्हणून चढाच्या एका तुकड्यावर मी ती कडेला घेतली. हाताचा ब्रेक ओढला, गियर काढला, आणि पुढचे झाकण उघडण्यासाठी खाली उतरलो. वडील मागच्या आसनावर डोळे मिटून बसले होते. मी झाकणाला हात लावतो न लावतो तोच गाडी माझ्यापासून दूर जाऊ लागली. ती इतकी सावकाश निघाली की प्रथम मीच मागे सरलो असे मला वाटले. मग धावलो, दार उघडून आत वाकलो आणि हाताचा ब्रेक दोन्ही हातांनी वर ओढला. तो सैल दोरीसारखा नुसता हातात आला. मी पुन्हा ओढला. पुन्हा ओढला. माझ्या हातापासून दीड हातावर पायाचा ब्रेक होता. तो अगदी शाबूत होता. त्याची मला आठवणही झाली नाही.

कडेला कणसे भाजीत बसलेल्या माणसाने उठून शेगडीजवळचा एक दगड मागच्या चाकाखाली टाकला, आणि गाडी थांबली. "सायेब, गियरमधी टाकून ठिवायची की," एवढेच तो म्हणाला आणि परत कणसांकडे गेला. वडिलांनी डोळे उघडून विचारले, "का रे, निघालो का आपण?" मी "नाही, अजून थोडा वेळ आहे," असे उत्तर दिले. खरा प्रकार मी त्यांना शेवटपर्यंत सांगितला नाही.

गोव्याहून परतल्यावर काही दिवसांनी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. महाविद्यालयात अकरावी-बारावीला मी त्याला पदार्थविज्ञान शिकवले होते. सध्या तो एअरबस ए-३२० जातीच्या विमानावर सहवैमानिक आहे. चहा झाल्यावर मी त्याला त्या उघडलेल्या मुठीविषयी विचारले. तो हसला व म्हणाला, "सर, लोक नेहमी उडण्याविषयी विचारतात. उभे राहण्याविषयी विचारणारे तुम्ही पहिलेच."

मग त्याने माझ्याच टेबलावरच्या एका कागदावर चित्र काढून सांगावयास आरंभ केला, आणि मी विद्यार्थ्यासारखा ऐकत बसलो.

विमानाच्या चाकात एकाआड एक अशा तबकड्या असतात. काही चाकाबरोबर फिरतात, काही स्थिर असतात. द्रवाच्या दाबाने दट्टे पुढे सरकतात, ह्या तबकड्या एकमेकींवर दाबल्या जातात, आणि घर्षणाने चाक धरले जाते. ह्यात आपल्या पास्कलच्या नियमाहून निराळे काही नाही. निराळी आहे ती मात्रा. मोटारीच्या टायरात चौरस इंचास तीसेक पौंडांचा दाब असतो. बहुतेक प्रवासी विमानांच्या नळ्यांत तो तीन हजार पौंडांचा असतो. इंजिने चालू असतात तोवर त्यांच्या जोरावर पंप हा दाब निर्माण करतात. पण इंजिने थांबली, पंप थांबले, म्हणजे काय? त्यासाठी एक लहानसे दंडगोल पात्र ठेवलेले असते. त्याच्या एका बाजूस नायट्रोजन वायू कोंडलेला, दुसऱ्या बाजूस द्रव. पंप चालू असताना द्रव त्या वायूला दाबून ठेवतो. पंप थांबल्यावर तोच दाबलेला वायू स्प्रिंगप्रमाणे द्रवाला मागून रेटीत राहतो. उभ्या विमानाचा ब्रेक लागून राहतो तो ह्या साठवलेल्या जोरावर.

"म्हणजे ही शिल्लक आहे, उत्पन्न नव्हे," मी म्हणालो.

"अगदी बरोबर, सर. आणि शिल्लक हळूहळू झिरपते. आमच्या विमानात ती निदान बारा तास टिकावी अशी योजना आहे. पण रात्रभर विमान उभे राहायचे असेल तर चाकांना ठोकळे हवेतच."

निरनिराळ्या विमानांत ह्या शिलकीला कुलूप लावण्याची तऱ्हा निरनिराळी. बोइंग ७३७मध्ये वैमानिक दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरतो व एक तरफ ओढतो. त्यासरशी पायटे दाबल्या स्थितीत अडकतात आणि द्रवाच्या परतीच्या वाटेवरील एक झडप बंद होते. ही झडप का हवी, ह्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. उतरताना चाक अडकून घसरू नये म्हणून विमानात एक पहारेकरी यंत्रणा असते. चाक फिरायचे थांबले की ती ब्रेकमधील दाब सोडून देते. धावत्या विमानाला ती तारक खरी, पण उभ्या विमानाची चाके थांबलेलीच असावयाची. तेव्हा विमान उभे करताना ह्या मार्गाने दाब निसटू नये म्हणून वाटच बंद करावी लागते. ए-३२०मध्ये तरफेऐवजी एक मूठ फिरवतात. ती फिरवली की त्या साठ्याचा दाब थेट ब्रेकपर्यंत पोचतो आणि ब्रेक लावण्याचे बाकीचे मार्ग बाजूला पडतात.

ह्यावर मी एक शंका काढली. आपल्या एस.टी.च्या नव्या गाड्यांत उभी करण्याचा ब्रेक जबरदस्त स्प्रिंगने लागतो, आणि हवेच्या दाबाने तो सुटतो. म्हणून टाकीत पुरेशी हवा भरल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. हवा गेली तर ब्रेक आपोआप लागतो. आगगाडीतही साखळी ओढली की नळीतील दाब उतरतो आणि ब्रेक लागतात. दोहोंतही दाब जाणे म्हणजे थांबणे. मग विमानातच उलट का? तेथे दाब गेला तर ब्रेक सुटतो, हे धोक्याचे नव्हे काय?

तो म्हणाला, "सर, बस बिघडली तर थांबलेली बरी. पण विमान उतरण्याच्या क्षणी ब्रेक आपोआप लागून चाके अडकलेली असली तर टायर फुटतील आणि विमान धावपट्टीवर राहणार नाही. आमच्यासाठी अडकलेल्या चाकापेक्षा मोकळे चाक बरे. मोकळ्या चाकाला आणखी दोन-तीन उपाय असतात."

हे उत्तर मला फार आवडले. सुरक्षित म्हणजे स्थिर, अशी आपली एक भाबडी समजूत असते. वस्तुतः कोणाला कशात अभय आहे हे त्याच्या धंद्यावर ठरते. आणि आगगाडीचेही मी म्हणालो तितके सरळ नाही, हे बोलता बोलता माझ्याच ध्यानात आले. उभ्या मालगाडीचा हवेचा ब्रेक इंजिन बंद राहिल्यास झिरपून ढिला होतो. म्हणून डब्यांचे हातब्रेक आवळावे लागतात व चाकांखाली पाचरी द्याव्या लागतात. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूकडील कठुआ स्थानकात उभी असलेली खडीने भरलेली मालगाडी चालकाशिवाय उतारावर निघाली आणि सत्तर किलोमीटरांहून अधिक अंतर धावली. पंजाबातील उंची बस्सीजवळ रुळांवर लाकडी ठोकळे टाकून ती थांबवावी लागली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. एवढ्या शक्तीचे इंजिन, एवढे मोठे रेल्वेखाते, आणि शेवटी हाताशी आला तो लाकडाचा ठोकळा! मला त्या कणीसवाल्याचा दगड आठवला.

त्या उघडलेल्या मुठीचा उलगडाही त्याने केला. विमान उतरते तेव्हा त्याच्या गतीचा मोठा अंश ह्या तबकड्या उष्णतेच्या रूपाने गिळतात व शेकडो अंशांपर्यंत तापतात. अशा स्थितीत त्यांना एकमेकींवर आवळून ठेवले तर उष्णता निघून जात नाही, उलट आतल्या दट्ट्यांकडे व द्रवाकडे सरकते. म्हणून ठोकळे लागल्याची खात्री पटली की ब्रेक सोडावयाचा, म्हणजे तबकड्यांमध्ये हवा खेळते. तेव्हा जे मला बेफिकिरीचे वाटले होते ती खरी काळजी होती. आमच्या सोलापूरच्या विणकरांना हे सांगावे लागणार नाही. मागावर ताण्याच्या रुळाला दोर किंवा साखळी गुंडाळून तिला वजन टांगतात; रूळ धरून ठेवायचा, पण विणले जाईल तसतसा सुटूही द्यायचा. नुसता धरला तर सूत तुटते, नुसता सोडला तर कापड ढिले पडते.

मग त्याने मला एक प्रश्न विचारला. "सर, ए-३२० उभे आहे, पार्किंग ब्रेक लावलेला आहे, तुम्ही इंजिन सुरू करताय, आणि विमान हलायला लागले. काय कराल?"

"ब्रेक आणखी घट्ट करीन."

"तो आणखी घट्ट होत नाही. तो लावलेलाच आहे."

"मग पाय दाबीन."

"पार्किंग ब्रेक लावलेला असताना पायांचे ब्रेक बाजूला पडतात. मघाशीच सांगितले ना मी?" आपण गुरूची परीक्षा घेत आहोत ह्याचा थोडा संकोच त्याच्या चेहऱ्यावर होता, पण आनंदही होता. "सर, अशा वेळी पार्किंग ब्रेक ताबडतोब सोडायचा. सोडला की पायांचे ब्रेक परत हातात येतात, म्हणजे पायात येतात, आणि मग ते दाबायचे. आमच्या पुस्तकात तशी स्पष्ट सूचनाच आहे."

मी क्षणभर गप्प राहिलो. निसटत्या विमानाचा ब्रेक सोडावयाचा! ही गोष्ट पाठ करता येईल. पण पाठ केलेली गोष्ट भीतीच्या क्षणी हाताला सुचेल काय? भ्यालेला हात ओढतो, आवळतो; सोडणे त्याच्या स्वभावात नाही. घाटात मी तीन वेळा ओढले होते. ज्याच्या डोळ्यांपुढे त्या नळ्यांचे व झडपांचे चित्र उभे आहे, कोणता दाब कोठून येतो व कोठे अडतो हे ज्याला दिसते आहे, त्याचाच हात अशा वेळी सोडण्याचे धैर्य करील.

परंतु एवढ्यानेही भागत नाही, हे त्यानेच पुढे सांगितले. १५ नोव्हेंबर २००७ रोजी फ्रान्समध्ये तुलूझ येथे एका नव्या कोऱ्या ए-३४० विमानाच्या इंजिनांची जमिनीवर चाचणी चालली होती. चारही इंजिने जोरात, पार्किंग ब्रेक लावलेला, पण चाकांना ठोकळे लावलेले नव्हते. ब्रेकची ताकद इंजिनांच्या जोरापुढे अपुरी पडली आणि विमान निघाले. आतील तंत्रज्ञाने पाय दाबले, पार्किंग ब्रेक सोडला, पुढचे चाक वळवले. परंतु काही सेकंदांतच विमान समोरच्या काँक्रीटच्या भिंतीवर चढून मोडले. माणसे जखमी झाली. कोणी दगावले नाही. चौकशीत निष्पन्न झाले ते असे की, अकस्मात आलेल्या प्रसंगाने त्याचे सारे लक्ष ब्रेकवर खिळले, आणि इंजिनांचा जोर कमी करावा हे त्याला वेळीच सुचले नाही.

ब्रेकविषयी त्याला ठाऊक नव्हते असे नाही. विमान मुळात पुढे का जात आहे, हा एक साधा प्रश्न त्या काही सेकंदांत मनात उभा राहिला नाही, इतकेच. त्या मनुष्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पायाचा ब्रेक माझ्यापासून दीड हातावर होता.

"मग तुम्हाला हे सगळे परीक्षेला असते का रे?" मी विचारले. हा प्रश्न माझ्या तोंडून सवयीने गेला.

त्याने सांगितले की वैमानिकाच्या परवान्यासाठी हवामान, मार्गशोधन, हवाई नियम अशा विषयांबरोबर तांत्रिक विषयाच्याही परीक्षा असतात. एक सर्वसाधारण, एक विशिष्ट विमानापुरती. आणि प्रत्येकीत सत्तर टक्के गुण लागतात. जुन्या पिढीचे वैमानिक नळ्यांचे नकाशे कागदावर काढून दाखवीत. पुढे विमाने गुंतागुंतीची झाली, दोष दाखविण्याचे व उपाय सुचविण्याचे काम पडद्यावर आले, तेव्हा वैमानिकास जरुरीपुरतेच शिकवावे असा विचार रूढ झाला. त्यातही तथ्य आहे. पाचशे झडपांची नावे घोकणारा मनुष्य प्रसंगी नेमकी झडप विसरतो. "पण जरुरीपुरते म्हणजे किती, हे प्रसंग आल्याशिवाय कळत नाही," तो म्हणाला. मग थोडा थांबून हसत म्हणाला, "सर, आठवते का? तुम्ही पास्कलचा नियम शिकवत होता तेव्हा मी विचारले होते, की द्रव गळायला लागला तर दुसऱ्या बाजूच्या दट्ट्याचे काय होईल? तुम्ही म्हणालात, 'हे परीक्षेला नाही, पुढे चला.'"

त्याच्या बोलण्यात यत्किंचितही कडवटपणा नव्हता. जुन्या दिवसांची एक गंमत म्हणून त्याने ती सांगितली, आणि आम्ही दोघेही हसलो. मला ते आठवत नव्हते. पण मी तसे म्हटले असणार ह्याविषयी मला शंकाही वाटली नाही. कारण हे वाक्य मी एकदा म्हटलेले नाही. गेल्या अठ्ठावीस वर्षांत किती वेळा म्हटले असेल ह्याची गणती नाही. अभ्यासक्रम मोठा, तास थोडे, वर्गात मुले शंभरावर. आणि मुलेही 'हे येणार का' एवढेच विचारतात. ही सारी कारणे खरी आहेत. तथापि इतक्या वर्षांत मी पुष्कळांच्या हाती तरफ दिली आणि 'ओढा' म्हणून सांगितले. नळी कोठून कोठे जाते हे थोड्यांनाच दाखवले. ज्याने ते पुढे स्वतः शोधून काढले तो आज माझ्या टेबलापाशी बसून मला शिकवीत होता. ज्यांनी शोधले नाही त्यांची गाठ पडत नाही. त्यांची गाडी कोणत्या घाटात उभी आहे हे मला ठाऊक नाही.

तो गेल्यानंतर त्याने काढलेले चित्र मी जपून ठेवले. पुढच्या आठवड्यात पास्कलचा नियम शिकविण्याची पाळी आली तेव्हा ते घेऊन वर्गात गेलो. दोन दट्टे व मधली नळी एवढी पुस्तकातील आकृती फळ्यावर काढली, मग तिला एक झडप जोडली, कोंडलेल्या वायूचे पात्र जोडले, आणि विचारले, "इंजिन बंद आहे. द्रव थेंब थेंब गळतो आहे. सकाळपर्यंत हे विमान उभे राहील का?"

वर्ग काही वेळ स्तब्ध होता. मग तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. मला वाटले उत्तर आले. तिने विचारले, "सर, हे परीक्षेला आहे का?"

"नाही," मी म्हणालो, आणि खडू तिच्यापुढे धरला. ती जरा घुटमळली. मग उठून फळ्यापाशी आली. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा ती आणि आणखी दोघे-तिघे चाकाखाली ठोकळा कोठे काढावा ह्यावर वाद घालीत होती. त्या दिवशीचा धडा मात्र अर्धाच राहिला, आणि तो कोणत्या तासात भरून काढावा हे अद्याप ठरावयाचे आहे.